चूलबंद आवतण

तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. गाडीत पाय ठेवायला जागा नसली, तरी आत माणसं किती हे मागच्या दारातून एका नजरेत सांगायचो, आणि एकदाही चुकलो नाही. त्यामुळे यंदा गल्लीच्या उत्सवात माझं टेबल गाजणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती!

उत्सव काय ते आधी सांगतो. राजारामपुरीतली आमची गल्ली नऊ घरांची, पण माणसं नऊ मुलखांची. दर जानेवारीत एका रविवारी संध्याकाळी आम्ही रस्ता बंद करतो आणि प्रत्येक घर आपल्याकडचं जेवण टेबलावर मांडतं. मंगनानी सिंधी, त्यांचं दाल-पकवान. पटेल कच्छी, त्यांचा ढोकळा. शेजारच्या अंबूबाई निपाणीकडच्या, त्यांची भरली वांगी. बाहेरून शे-दीडशे पाहुणे येतात. कृष्णात आमचा अध्यक्ष. माईक त्याच्याकडे असतो आणि एकदा हातात आला की सुटत नाही.

गेल्या वर्षी माझी बायको शालू जाऊन तीन महिने झाले होते. मी विकतचं भडंग परातीत ओतलं, ‘कोल्हापूर’ अशी पाटी लावली आणि बसलो. संध्याकाळभरात एकच माणूस आला. “पावणं, पाणी कुठं हाय?” एवढं विचारून गेला. उरलेलं भडंग मी पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर टाकलं. त्या रात्री मला इतकं एकटं वाटलं की टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईला मी “जेवलीस का” म्हणून विचारलं.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवलं. माणसं आपणहून येत नाहीत, त्यांना रीतसर आवतण द्यावं लागतं. आमच्या कोडोलीला आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी एक माणूस, आणि दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं आणि त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटवायची नाही. पेटवली तर बोलावणाऱ्याचा अपमान. हल्ली शहरात हे नुसतं मानाचं बोलणं उरलंय, शब्दशः कोण धरतंय, असा आपला माझा समज.

आवतण देताना कुंकू लावायला शालू असायची. ती नाही, म्हणून मी टोपी घातली. आठही दारांत उभा राहिलो.

“रविवारी सांजचं जेवान आमच्यात. चूलबंद हं.”

“म्हणजे काय हो?” मंगनानींनी विचारलं.

तेवढ्यात अंबूबाई जिन्यावरून येत होत्या. “म्हंजे चुलीला हात लावायचा न्हाय,” त्या म्हणाल्या. मंगनानींनी मान डोलावली. मला डबा देणाऱ्या बयाबाईंनाही मी सांगून आलो. पस्तीस माणसं झाली, हिशेब पक्का.

रविवारी दुपारी चाळीस माणसांचा अख्खा मसूर शिजवला. भाकऱ्या थापून घेतल्या. मग फडताळातली बरणी काढली. तीत शालूनं शेवटच्या उन्हाळ्यात कुटलेली कांदा-लसणाची चटणी होती. सव्वा वर्ष मी तिला हात लावला नव्हता. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. एक चमचा घेतला आणि झाकण गच्च बसवून ती परत वर ठेवली.

सहा वाजता खाली उतरलो. दिवे लागलेले, पाट्या लागलेल्या. सिंधी, कच्छी, कन्नड. पांढऱ्याशुभ्र चादरींची आठ टेबलं होती आणि त्यावर काही म्हणजे काही नव्हतं! गल्लीतले सगळे हातात रिकामी ताटं घेऊन माझ्या टेबलापुढं ओळीनं उभे होते.

“तुमचं दाल-पकवान?” मी मंगनानींना विचारलं.

“तुम्हीच तर चूलबंद म्हणालासा,” मंगनानी म्हणाले. “मला वाटलं आम्हालाच आवतण हाय. बाकीचे करतील की.”

पटेलांना तसंच वाटलं होतं. कृष्णातलाही तसंच वाटलं होतं. मी म्हटलं, “अवो, पण कुणी तरी मला विचारायचं की.”

अंबूबाई खाली बघत म्हणाल्या, “तुम्ही टोपी घालून दारात आला हुता, बाळासो. येकट्या माणसाचं आवतण मोडायचं कसं?”

तोवर शिवाजी पेठेतून पाहुण्यांच्या दोन रिक्षा उतरल्या, मागोमाग आणखी माणसं. मी सवयीनं नजर फिरवली. एकशे पंचवीस! माझ्या चाळिसांच्या मसुरात पाणी घालून घालून किती घालणार? कृष्णातनं माईक उचलला आणि गल्लीचा इतिहास सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं भाषण कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

“तुमी आवतण मागं घ्या,” पटेल म्हणाले.

“दिलेलं आवतण मागं घेत न्हाईत,” अंबूबाई म्हणाल्या. “पण बाळासोंच्याच चुलीवर रांधलं तर ते त्यांचंच जेवान झालं की. चला वर.”

आणि आठ घरांनी आपलं पीठ, डाळ, वांगी उचलून माझ्या स्वयंपाकघरात धाव घेतली. दोन बर्नरचा गॅस आणि चौदा माणसं. मंगनानी माझ्या पलंगावर बसून पकवान लाटत होते. पटेलांनी ढोकळ्याला कुकर मागितला, तो अंबूबाईंनी आधीच डाळीला पळवला होता. कुणी हळद कुठाय विचारत होतं, कुणी माझ्यावरच ओरडत होतं की चिमटा जागेवर का ठेवत नाही. सव्वा वर्ष त्या खोलीत कुणी माझ्यावर ओरडलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मसाले वाटायला वेळ नव्हता. अंबूबाईंनी फडताळ उघडलं आणि बरणी खाली घेतली. बोटावर चटणी घेऊन चाखली.

“शालूबाईंच्या हातची हाय नव्हं?”

“व्हय.”

“मग ऱ्हाऊ दे.”

खाली कृष्णात गल्लीच्या इतिहासात चालुक्यांपर्यंत मागं गेला होता आणि आणखी मागं जायला जागा नव्हती.

“घ्या की,” मी म्हटलं. “सगळी घ्या.”

सगळी गेली. डाळीत गेली, वांग्यात गेली, घाई-गडबडीत ढोकळ्यातही गेली. आठ टेबलांवर आठ मुलखांच्या पाट्या आणि खाली एकच लालभडक रंग. पाहुणे नाकं पुसत पुसत तीन-तीनदा वाढून घेत होते. प्रमुख पाहुण्यांनी “ही एकात्मता अंगाला घाम आणणारी आहे” असं भाषणात सांगितलं आणि दोनदा पाणी मागितलं. माझ्या टेबलापुढची रांग तर पार कोपऱ्यावरच्या क्लासपर्यंत गेली.

साडेआठला सगळं संपलं. माणसं आपापल्या घरी गेली. बयाबाई जाताना म्हणाल्या, “लई दिवसांनी सुटी मिळाली बगा. आज डबा न्हाय हं, चूलबंद हाय.”

वर येऊन भांडी घासली. बरणी उपडी करून पाहिली, बोट फिरवलं, काही नव्हतं. पातेल्यातही काही नव्हतं. तेव्हा लक्षात आलं की पस्तीस माणसं मोजताना मी स्वतःला मोजलंच नव्हतं. कंडक्टर प्रवासी मोजतो, त्यात स्वतःला धरत नाही. माझी भाकरी बाजूला काढून ठेवायचं काम शालूचं होतं.

माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. भडंग मऊ पडलं होतं, वास फारसा नव्हता. पहिला बकाणा भरला आणि बेंगळुरूहून स्नेहलचा, माझ्या मुलीचा, रोजचा फोन आला.

“बाबा, जेवलासा काय?”

“व्हय की,” मी म्हटलं. “आज एकशे साठ माणसं हुती आपल्याकडं जेवायला.”

“आणि आवाज असा का येतोय?”

“तोंडात घास हाय,” मी म्हटलं आणि पुढचा बकाणा भरला.