आधी तुम्ही, आर्सेनी लुकिच

संध्याकाळी साडेसहाला मंचावर दोन कॅमेरे, सात गिटारी-ढोल, एक बासरी आणि दहा त्रिकोणी रशियन बालालाइका सज्ज होत्या. ती वाजवणारी अठरा माणसं मात्र मंचाशेजारच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानगृहात, बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

सौनाची कल्पना खुद्द दिग्दर्शिका हेलकाची. मंदीची चार वर्षं तिने नगरपालिकेसाठी दात घासण्याच्या योग्य पद्धतीवर माहितीपट काढण्यात घालवली होती. आता कुठे एक खरा चित्रपट हाती आला होता. 'रिकाम्या किटल्या' हा डोक्यावर कॉफीच्या किटल्या घालून रॉक वाजवणारा वात्रट बँड आणि सीमेपलीकडचं रशियन लोकसंगीत मंडळ, एकाच मंचावर, फिनलंडच्या सायमा सरोवराच्या काठी. शूटिंगला संध्याकाळ एकच. साडेआठला सूर्य बुडणार, आणि त्यानंतर मंडळाची बस सीमेकडे निघणार.

अडचण एवढीच, की तीन दिवसांच्या तालमीत दोन्ही पक्ष एकमेकांशी बोललेच नव्हते. मंडळाला वाटे, किटल्या आपली थट्टा करतात. बँडला वाटे, मंडळाचं एक कडवं संपेपर्यंत माणूस पेन्शनीत निघेल.

"सौनात घालते दोघांना," हेलका म्हणाली होती. "घाम फुटला की तोंडही फुटतं."

मंच बांधणाऱ्या सिर्काबाईंनी आपला लष्करी पद्धतीचा तंबू-सौना उभा करून दिला, चूल पेटवली, आणि त्या कॉफी प्यायला गेल्या.

तोंडं फुटलीही. पण सौनातून जो आधी उठतो तो हरतो, हे सीमेच्या अलीकडेही माहीत असतं आणि पलीकडेही.

"इल्मो, बाहेर ये! लोक जमलेत!" हेलकाने तंबूबाहेरून बँडच्या म्होरक्याला हाक मारली.

"येतो की. पण पाहुणे बसलेत. यजमानाने आधी कसं उठायचं? बरं दिसतं का ते?"

"आर्सेनी लुकिच, तुम्ही तरी!"

मंडळाच्या वृद्ध संचालकांचा भारदस्त आवाज आला, "बाई, यजमान बसलेला असताना मी उठलो, तर गावात काय तोंड दाखवू?" पाठोपाठ तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा 'चस्स' आवाज आला.

हेलकाने कॅमेरामन अउलिसला आत धाडलं. "दोन मिनिटांत आणतो," म्हणून तो कपडे काढून गेला. दहा मिनिटं झाली.

"अउलिस?"

"एकटा निघालो तर म्हणतील, कॅमेरावाल्याला झेपलं नाही."

मग ध्वनिमुद्रक वाल्तो गेला. तोही आतच राहिला. सव्वासातला नगरपालिकेचे अधिकारी चुलीचा परवाना तपासायला आले. कपड्यांनिशी सौनात जाणं त्यांच्या संस्कारात बसेना. त्यांनी कोट, पँट, टाय नीट घडी करून स्टुलावर ठेवलं, वर फाईल ठेवली आणि तपासणीला आत शिरले. थोड्या वेळाने त्यांचाच आवाज आला, "अजून एक पळी ओता की! एवढ्याने काय होतंय?"

समोर तीन हजार प्रेक्षक एकमेकांपासून हातभर अंतर राखून, रिकाम्या मंचाकडे बघत शांत उभे होते.

"सुरू झालंय का?" एका आजोबांनी शेजारच्याला विचारलं.

"कळत नाही. पण छान आहे."

पावणेआठला हेलकाने तह घडवून आणला. तिने तीन म्हणताच सगळ्यांनी एकदम निघायचं. तीन म्हटलं, एकवीस माणसं एकदम उठली आणि दारापाशी आली. दार एका माणसापुरतं.

"आधी तुम्ही, आर्सेनी लुकिच."

"छे छे, आधी तू, इल्मो. लहान आहेस."

"वयाचा मान असतो, आर्सेनी लुकिच."

"म्हणजे मी म्हातारा?"

सगळे परत जाऊन बसले. चस्स.

हेलका मंचाच्या पायरीवर मटकन बसली. सूर्य सरोवरापासून चार बोटांवर आला होता. "संपलं, सिर्काबाई. आता जन्मभर दात."

सिर्काबाईंनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "दार लहान आहे, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग कशाला ठेवायचं?" त्यांनी मंचावरच्या चार सुतारांना खूण केली, दोऱ्या सोडल्या, खुंट्या उपटल्या. डोक्यावरची टोपी उचलावी तसा चौघांनी अख्खा तंबू धुराड्यावरून वर उचलला.

सौनातून कोणीच बाहेर पडलं नाही. सौनाच निघून गेला.

वाफेचा ढग विरला. पंचे आणि अंगावर झोडून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्या सावरणारी एकवीस लालबुंद माणसं तीन हजार लोकांकडे बघत राहिली. तीन हजार लोकांनी क्षणभर विचार केला आणि टाळ्यांचा कडकडाट केला.

"कपडे राहू द्या!" हेलका ओरडली. "उजेड चाललाय! वाजवा!" आणि तिने स्वतःच कॅमेऱ्याला डोळा लावला.

सगळ्यांनी वाद्यांकडे धाव घेतली, काहींनी संगीतासाठी, काहींनी आडोशासाठी. मोठ्या बालालाइकावाल्यांची सोय झाली. बासरीवाला मुकाट्याने ढोलामागे उभा राहिला. किटल्या नाहीत, भरतकामाचे सदरे नाहीत, तेव्हा रशियन कोण आणि वात्रट कोण, हे कॅमेऱ्यातून हेलकालाही कळेना. तापमान अकरा अंश. थंडीने मंडळाची लय आपोआप दुप्पट झाली, आणि बँडची बोटं आखडून निम्म्यावर आली. मधे कुठेतरी दोन्ही लयी एकमेकींना भेटल्या. नगरपालिकेचे अधिकारी खंजिरी वाजवत होते. ती त्यांना कोणी दिली, हे अजून उघड झालेलं नाही.

सूर्य बुडेपर्यंत एकच गाणं तीनदा झालं. तिसऱ्यांदा प्रेक्षकही गायले, हातभर अंतर विसरून.

चित्रपट नोव्हेंबरात लागला आणि वसंतापर्यंत उतरला नाही. एप्रिलमध्ये हेलकाला आर्सेनी लुकिच यांचं पत्र आलं. 'आमच्याकडेही दोनदा दाखवला. दुसरा चित्रपट आमच्या गावी करा, माणसं तयार आहेत. इल्मोला सांगा, आमचा सौना अख्ख्या ओंडक्यांचा आहे. शंभर वर्षांत जागचा हललेला नाही.'

हेलकाने लगेच सिर्काबाईंना फोन लावून पत्र वाचून दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"करवत इथूनच न्यायची, की तिकडे मिळेल?"