अर्धी डिस्क गेली कुठे?

संगणकाचं कसलंही दुखणं मी दहा मिनिटांत बरं करतो. असं मीच सगळ्यांना सांगत असतो, पण सासऱ्यांना सांगायला नको होतं. त्यांचं इमारतींचे नकाशे काढून देण्याचं ऑफिस आहे आणि तिथे एक सर्व्हर आहे. परवा दुपारी त्यांचा फोन आला.

"जावईबुवा, सर्व्हर डिस्क भरली म्हणतोय. तुमची ती दहा मिनिटं आज मोकळी आहेत का?"

गेलो. ऑफिसात सगळे आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसे हळू बोलत होते. नकाशेवाल्या बाई संगणकापुढे हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शाळेच्या इमारतीचा अख्खा जिना त्यांनी सकाळपासून काढला होता. पाच वाजता तो शाळेला द्यायचा होता आणि मेला सेव्हच होत नव्हता. बाईंच्या संगणकाला स्वतःची जागा नाही, सगळं सर्व्हरवर जातं. म्हणजे जिना फक्त समोरच्या पडद्यावर. संगणक बंद पडला की जिना गेला.

"पेन ड्राइव्हवर घ्या की," मी म्हणालो.

"ती भोकं तुम्हीच बुजवायला लावलीत," बाई म्हणाल्या. "व्हायरस येतो म्हणून."

"बरं, मग काहीतरी फालतू पुसून जागा करू."

"एकही फाईल पुसायची नाही," सासरे म्हणाले. "मागच्या वेळी तुम्ही फालतू म्हणून पुसलंत ती एका दवाखान्याची गच्ची होती."

मी खुर्ची ओढली. एकेक फोल्डर मोजला, बेरीज केली. डिस्क अर्धीच भरली होती! सर्व्हरला विचारलं, तर तो म्हणे शंभर टक्के भरलोय. परत मोजलं. अर्धी. परत विचारलं. शंभर टक्के. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, हे यंत्र खोटं बोलतंय."

"कुठलं? मोजणारं की भरलेलं?" त्यांनी चष्मा पुसला. "आणि उरलेली अर्धी डिस्क गेली कुठे?"

जशी काही मीच खिशात घातली होती.

"सर्व्हर एकदा बंद करून चालू करू या का?" मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. मग त्या चुळबुळत म्हणाल्या, "मला जरा बाहेर जाऊन यायचंय. पण माउस हलवला नाही तर हा झोपतो हो, आणि उठताना अडकतो." शेवटी सासरे स्वतः त्यांच्या खुर्चीत बसले आणि माउस गोल गोल फिरवू लागले. जात्यावर बसल्यासारखे.

फिरवता फिरवता म्हणाले, "काल टेबलफॅन लावायला जागा नव्हती, म्हणून खालची एक वायर काढली होती. आज सकाळी आठवणीने परत लावली. त्याचा काही संबंध?"

"कुठली वायर?"

"त्या छोट्या डिस्कची."

मी कपाळावर हात मारला. रोज रात्री सर्व्हर सगळ्या फायलींची नक्कल त्या छोट्या डिस्कवर करतो. काल रात्री ती डिस्कच नव्हती. मग या शहाण्याने अख्खी नक्कल त्या डिस्कच्या रिकाम्या जागी, म्हणजे स्वतःच्याच पोटात उतरवली. सकाळी वायर लागली आणि छोटी डिस्क नेमकी त्या ढिगावर येऊन बसली. कचऱ्यावर सतरंजी अंथरावी तशी, खालचं काही दिसेना. मी दुपारभर सतरंजीवरून हात फिरवत होतो.

म्हणजे ती वायर पुन्हा काढायला हवी होती. टेबलाखाली वाकलो. सगळ्या वायरी काळ्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या.

"माझी काढू नका हो," परत येऊन आपल्या खुर्चीत बसलेल्या बाई वरून रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

एक धरली. सोडली. दुसरी धरली, डोळे मिटले आणि ओढली. वरून कुणी किंचाळलं नाही. उठून पाहिलं, तर ढीग समोर हजर. सासऱ्यांनी "नक्की नक्कलच ना?" असं तीनदा विचारून पुसू दिला. बाईंनी जिना सेव्ह केला आणि खुर्चीतच मान टाकली. पाच वाजायला अजून वेळ होता.

आता मात्र मला जोर चढला. सगळ्या ऑफिससमोर सासऱ्यांना सुनावलं, "बाबा, वायर काढली की हातासरशी परत लावायची. लक्षात राहत नसेल तर समोर चिठ्ठी चिकटवायची. यात काय एवढं अवघड आहे?" ते बिचारे मान डोलावत होते. घरी येऊन बायकोला हा प्रसंग मी दोनदा रंगवून सांगितला. दुसऱ्यांदा ती ऐकत नव्हती.

काल सकाळी पुन्हा त्यांचा फोन.

"जावईबुवा, डिस्क भरली म्हणतोय."

"परत पंखा लावलात ना?" मी खेकसलोच.

"छे, पंखा मी कालच घरी नेला. आत्ता टेबलाखाली वाकून बघतोय. तुम्ही काढलेली वायर इथे जमिनीवर पडलीय. मीच लावणार होतो. पण म्हटलं आधी विचारावं, तुम्ही चिठ्ठी कुठे चिकटवलीय?"