हूं नाही की चूं नाही

बटण स्वयंपाकघरातून आला तो टक-टक-टक वाजत. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. बटण म्हणजे त्यांचा काळाभोर, बुटका कुत्रा. बाई शिवायला बसल्या की त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपणारा.

"नखं फरशीवर वाजली की कापायची वेळ झाली, आई," लेकीने फोनवर बजावलं होतं. "पण टोकच तेवढं काप. आत जिवंत भाग असतो, आणि काळ्या नखात तो दिसत नाही. तिथे लागलं तर तो परत पंजा हातात द्यायचा नाही."

"तीस वर्षं कात्री चालवतेय मी," बाई म्हणाल्या खऱ्या. पण ते शेवटचं वाक्य त्यांना टाचणीसारखं टोचत राहिलं.

गॅरेजमधून मिस्त्री, म्हणजे बाईंचे यजमान, घरी आले तसे बाईंनी त्यांना धरून बसवलं.

"अहो, हात तरी धुवायचे!"

"धुतलेत की. नखातलं ऑइल आता माझ्याबरोबरच जाईल."

"बरं, टॉवेलखालून पंजा घट्ट धरा. तो आवाजाला बिचकतो. काही झालं तरी हूं नाही की चूं नाही!"

टॉवेलच्या घडीतून बाई एकेक काळं नख शोधायच्या, टोक उडवायच्या आणि तुकडा डबीत टाकायच्या. बटण जांभया देत होता. अगदी शेवटी एक नख जरा रुंद आणि हट्टी निघालं. बाईंनी चष्मा सावरला, श्वास रोखला आणि कट!

टॉवेलवर लाल ठिपका उमटला.

"अगं बाई, लागलं माझ्या बाळाला!" बाईंनी बटणला टॉवेलसकट उचललं. मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"एक शब्द नको! डबी घ्या, किती खोल कापलं ते डॉक्टरांना दाखवू."

मिस्त्रींनी तोंड मिटलं, एक हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताने डबी उचलली.

दवाखाना गल्लीच्या टोकाला. बाई पुढे धापा टाकत, "माझ्याच हाताने झालं हो!" असं भेटेल त्याला सांगत, मिस्त्री मागे, मुकाट.

डॉक्टरीणबाईंनी चारही पंजे उलटेपालटे करून पाहिले. "अठराच्या अठरा नखं छान कापलीत. रक्त कुठेच नाही."

"मग टॉवेलवर?"

डॉक्टरीणबाईंनी डबी टेबलावर उपडी केली आणि तुकडे मोजले. "एकोणीस. आणि हा चपटा तुकडा कुत्र्याचा नाही."

सगळ्यांच्या नजरा मिस्त्रींकडे वळल्या. त्यांनी सावकाश खिशातून हात काढला. अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला होता.

"अहो! बोलला का नाहीत?"

"तूच म्हणालीस ना, काही झालं तरी..."

"अहो, पण कापताना कळलं नाही?"

"मला कळलं की. तुला नाही कळलं."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "हुश्श! जिवात जीव आला. मला वाटलं, बटणलाच लागलं!"

मिस्त्रींनी अंगठ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"पट्टी बांधते," डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "पण कागदावर नाव बटणचंच घालावं लागेल. इथे माणसं घेत नाही आम्ही."

महिन्याने पुन्हा टक-टक-टक ऐकू आलं. बाईंनी कात्री उचलली आणि परत ठेवली. पण बटण आपणहून आला, त्यांच्या मांडीवर पंजा ठेवला आणि एक जांभई दिली. बाईंचे डोळे भरून आले.

"अहो, या धरायला!"

न्हाणीघराला आतून कडी होती.

"अहो, ऐकताय ना?"

आतून हूं नाही की चूं नाही.