निजसुरेकाकांची काटेरी मंडळी

समुद्राच्या तळाशी, सहा मीटर पाण्यात, तोंडात हवेची नळी असताना कुणी हात जोडतं का? आमचे निजसुरेकाका जोडतात. समोर असतो किना. किना म्हणजे मुठीएवढा काटेरी गोळा. न्यूझीलंडच्या खडकांवर हा प्राणी ढिगानं बसलेला असतो. काका त्याला नमस्कार करतात, नळीतून काहीतरी गुरगुरतात, मग जाड हातमोज्यानं अलगद सोडवून भाजीच्या जाळीच्या पिशवीत ठेवतात. काय गुरगुरता, असं मी एकदा विचारलं.

"काही नाही रे. 'जरा सरकता का' म्हणतो."

मला गेली दहा वर्षं अरे-तुरे करणारा हा माणूस किनाला अहो-जाहो करतो.

निजसुरेकाका ऑकलंडच्या न्यू लिन भागात आमच्या शेजारी राहतात. वय बासष्ट, मूळचे पुण्याचे, नोकरी पेनरोजच्या एका फॅक्टरीत, क्वालिटी विभागात. आयुष्यभर तपासणी केल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकार दिसतात, पास आणि रिवर्क, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा. रिजेक्ट हा शब्द ते उच्चारतच नाहीत. शुभदाकाकूंची आमटी रिवर्क, माझं लॉन रिवर्क. माझी मुलगी ईरा मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, म्हणून तीही रिवर्क. त्यांच्या जॅन्डल्सचा, म्हणजे स्लिपरांचा, तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला आहे आणि वेटसूटवर सायकलच्या पंक्चरची तीन ठिगळं आहेत.

"टाकायचं काय त्यात?" ते म्हणतात. "रिवर्क होतं सगळ्याचं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते डायव्हिंग शिकले. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं होतं, पण स्विमिंग पूलला ते महिनाभरात कंटाळले. "बघायला नुसत्या टाइल्स. त्यातल्या चार फुटक्या." समुद्रात उतरायचं तर जोडीदार लागतो, असा नियम आहे. शुभदाकाकूंनी साफ सांगितलं, "मी तुमच्याबरोबर जमिनीवर राहते तेवढं पुरे." मग काकांनी शनिवारी सकाळी सात वाजता माझं दार वाजवलं. "मंदार, पोहता येतं ना? मग ऊठ." शनिवारची झोप ही माझी एकमेव इस्टेट होती. ती तेव्हापासून गेली ती गेलीच. मी रीतसर कोर्स केला, परीक्षा दिली आणि काकांच्या वेटसूटची चेन ओढणारा अधिकृत माणूस झालो.

आम्ही जातो तो छोटासा बे ऑकलंडच्या उत्तरेला तासाभरावर आहे. तिन्ही बाजूंनी आडोसा, त्यामुळे लाटा अशा नाहीतच. पाण्याखाली केल्पचं, म्हणजे मोठ्या समुद्री शेवाळाचं, रान आहे, कमरेएवढं उंच, तपकिरी, चामड्यासारख्या पानांचं. वरून गाळून आलेलं ऊन त्यावर पडतं आणि सगळं रान एकदम एका बाजूला झुकतं, मग सावकाश दुसऱ्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा झोपमोडीचा राग विरघळला, हे मी आजवर काकांना सांगितलेलं नाही.

पण या रानाच्या मधोमध चांगलं दिवाणखान्याएवढं टक्कल पडलं होतं. किनांनी केल्प मुळासकट फस्त केलं होतं. किनांना खाणारे मोठे मासे आणि शेवंडी माणसांनी खाल्ल्या, मग किनांना रान मोकळं. केल्प परत वाढवायला ट्रेसी नावाच्या बाईंनी रीतसर परवानगी काढून स्वयंसेवकांचा गट जमवला होता. ट्रेसी साठीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातला. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक छोटी हातोडी दिली. किना दिसला की फोडायचा.

काकांनी हातोडी परत केली. "मी अंडंसुद्धा खात नाही, आणि छत्तीस वर्षांत एक पार्ट भंगारात टाकलेला नाही. मी यांना हलवतो." बेच्या कडेला समुद्रात शिरलेल्या टेकडीच्या टोकापलीकडे तुटलेलं केल्प वाहून येऊन साठतं. तिथं किनांच्या पोटापाण्याची सोय होईल आणि उभ्या रानाला त्रास नाही, असा त्यांचा हिशोब.

ट्रेसी त्यांचं काम बघायला म्हणून पाण्यात आल्या, तर काका हात जोडून निश्चल. बाईंना वाटलं, माणूस संकटात आहे. त्यांनी आपली जादा नळी पुढे केली. आता आपल्याकडे पहिल्याच आग्रहाला कुणी हो म्हणत नाही. काकांनी पंजा हलवून 'नको नको' केलं. डायव्हिंगच्या खुणांमध्ये असा पंजा हलवणं म्हणजे काहीतरी बिघडलंय. बाईंनी नळी आणखी जवळ आणली, काकांनी आणखी जोरात पंजा हलवला. शेवटी बाईंनी त्यांना पट्ट्याला धरून वर आणलं. वर आल्यावर काका मला म्हणाले, "बाई फार आग्रही आहे रे."

खुलासा झाला, सगळे पोट धरून हसले. पण नंतर ट्रेसी गंभीर झाल्या. "निज, तुम्ही तासाला बारा किना हलवता. बाकीचे शंभर फोडतात. मार्चपर्यंत हा तुकडा तुमचा. तोवर नवीन केल्प दिसलं तर स्वीट ॲज, सगळं झकास. नाहीतर हातोड्या."

तेव्हापासून काकांची झोप उडाली. जूनमध्ये, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, ओठ निळे पडेपर्यंत, ते दर शनिवारी उतरायचे. पिशवी भरली की आम्ही टोकापाशी जायचो. तिथं मला एका खडकाशी थांबवून ते दहा हातांवर पुढे जायचे आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ ओणवे बसायचे. मला वाटायचं, जागेची तपासणी चालली असेल. मनातून मी चरफडायचो. मुदत संपत आली होती आणि हा माणूस दर खेपेला दहा मिनिटं वाया घालवत होता.

मार्चमधल्या एका शनिवारी ट्रेसी आमच्याबरोबर पाण्यात उतरल्या. टकलाच्या एका बाजूला, खडकाच्या कडेनं, बोटभर उंचीची केल्पची पिल्लं उगवली होती. एकेक देठ, एकेक पान. मी नळीतूनच ओरडलो. पण उरलेला अर्धा खडक तसाच उघडा होता. ट्रेसींनी त्याच्याकडे बोट दाखवलं, मग घड्याळाकडे, मग टोकाकडे. मी त्यांना सांगितलेल्या त्या दहा मिनिटांत तिकडे काय चालतं, ते त्यांना बघायचं होतं. काकांनी टाळायचा प्रयत्न केला. ट्रेसींच्या वर्गात ते कुणालाच जमलं नसणार, इथंही जमलं नाही.

आम्ही तिघं टोकापलीकडे गेलो. तिथं काकांनी अलीकडे हलवलेले सगळे किना खडकांच्या खोबणींत बसले होते. काकांनी तळाशी पडलेलं केल्पचं पान उचललं, त्याचे तुकडे केले आणि एकेका किनापुढे एकेक ठेवत गेले. कुणी उलटा पडला असेल तर त्याला सरळ करायचे, हात जोडायचे, की पुढचा. काही किनांनी तुकडा उचलून डोक्यावर टोपीसारखा घेतला. काका प्रत्येकापाशी थांबत होते. एकालाही वगळलं नाही.

किनाऱ्यावर शुभदाकाकू चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. ट्रेसींनी कप हातात घेतला आणि विचारलं, "निज, का? त्यांना तिथं ढीगभर खायला आहे."

काकांनी टॉवेलनं कान पुसले.

"मी इथं पहिलं वर्ष एकटा होतो," ते म्हणाले. "शुभदा पुण्यात होती. शुक्रवारी फॅक्टरी सुटली की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलायला कुणी नसायचं. मग रविवारी मी कोपऱ्यावरच्या डेअरीत, त्या छोट्या दुकानात, जायचो. आधी दूध आणायचो. घरी ठेवून परत ब्रेडला जायचो. मग काड्यापेटीला. दर वेळी दुकानदार 'हाउ आर यू' म्हणायचा." ते थोडं हसले. "जागा बदलून दिली, खायला दिलं, की झालं असं नसतं. पहिले काही महिने कुणीतरी येऊन चौकशी करावी लागते."

शुभदाकाकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहून मलाही नव्हतं, आणि शनिवारच्या झोपेसाठी या माणसावर कुरकुर केल्याची मला खरोखर लाज वाटली.

"हा तुकडा तुमचाच," ट्रेसी म्हणाल्या. "पुढच्या हिवाळ्यातही. इथं हातोडी नाही." मग कपाकडे बघत त्या हळू आवाजात बोलल्या. "मी लायब्ररीत जाते. माझा नवरा गेल्यापासून. चार पुस्तकं आणते आणि एकेक करून परत करते."

काकांनी शुभदाकाकूंकडे पाहिलं, काकूंनी होकारार्थी मान डोलावली.

"उद्या रविवार आहे," काका ट्रेसींना म्हणाले. "आमच्याकडे जेवायला या."

ट्रेसींनी क्षणाचाही विलंब न लावता विचारलं, "किती वाजता?"