चार व्होल्टांची घट

तिसऱ्यांदा नापास झाला तर कोंडाजीची बदली स्टोअरमधून भट्टीखात्यात होणार, अशी नोटीस कारखान्यात लागली आणि ती कोंडाजीच्या आधी यशोदाबाईला कळली. अंबडच्या कारखान्यातल्या बातम्या पार द्वारका चौकाजवळच्या तिच्या खोलीत इतक्या लवकर कशा पोचतात, हे देवालाच ठाऊक. त्र्याऐंशी साल होतं, फोन तर आळीत एकालाही नव्हता. वायरमनच्या परीक्षेला नवरा निघाला तेव्हा तिनं दारातच बजावलं, "अहो, या खेपेला हात थरथरू देऊ नका. त्या भट्टीपाशी माणूस उभ्या उभ्या भाजतं म्हणे!"

"हात माझं ऐकत असते तर दोनदा नापास झालो असतो का?" असं म्हणून कोंडाजीनं पायात न्हाणीतल्या रबरी चपला सरकवल्या आणि सायकलवर टांग टाकली. विजेशी गाठ असली की पायात रबर हवं, एवढं विजेचं शास्त्र सोळा वर्षं स्टोअरात काढून त्याला पक्कं आलं होतं.

परीक्षा कारखान्यातच, आणि म्हणाल तर पोरखेळ. प्रत्येकाच्या टेबलावर बारा व्होल्टची बॅटरी, अगदी सारखे दोन रेझिस्टर आणि काट्याचं एक जुनं मीटर. रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, त्यांच्या दोन टोकांना बॅटरी लावायची, की बारा व्होल्ट दोघांत निम्मे निम्मे वाटले जातात. एकावर किती भरतात ते मोजून कागदावर लिहायचं. सहा येणार, हे कोंडाजीनं घोकून ठेवलं होतं.

त्यानं जोडणी केली, मीटरच्या तारा एका रेझिस्टरला टेकवल्या आणि एक डोळा मिटून काट्याकडे पाहिलं. काटा चारवर!

कोंडाजीनं डोळे चोळले. तारा पुसून पुन्हा मोजलं, तरी चार. रेझिस्टरांची अदलाबदल केली, तरी चार. "मेलो!" तो पुटपुटला. घाबरत घाबरत बॅटरी मोजली, ती ठणठणीत बारा. दुसरा रेझिस्टर मोजला, त्यावरही चार. चार नि चार आठ. आत गेले बारा, सापडले आठ. मग उरलेले चार गेले कुठं? त्यानं वाकून टेबलाखालीही पाहिलं.

शेजारच्या टेबलावर निवृत्ती मजेत पाय हलवत बसला होता. त्याच्या मीटरच्या तारांची गुंडाळीसुद्धा सुटली नव्हती.

"निवृत्ती, तुझे किती भरले रे?"

"सहा."

"मोजले?"

"येडा का तू? बाराचे निम्मे सहा. लिव अन् चल च्याला."

कोंडाजीनं सहा लिहिलं. लिहिलं मात्र आणि त्याला शंका आली. परीक्षा घेणारे भालेराव साहेब 'दाखवा सहा' म्हणाले तर काय दाखवायचं? त्यानं सहा खोडून चार लिहिलं. चार चुकलं तर भट्टी आहेच! पुन्हा सहा केलं. खोडता खोडता कागदाला भोक पडलं. आता परीक्षेचा कागद फाडला, हाही गुन्हा त्याच्याच नावावर.

अखेर सोळा वर्षांची सवय धावून आली. स्टोअरात माल कमी भरला की दुसऱ्याला कळायच्या आत आपणच घटीची चिठ्ठी लिहून सही ठोकायची, नाहीतर चोरीचा आळ आपल्यावर. कोंडाजीनं भोकाशेजारी लिहिलं, "बारा व्होल्ट ताब्यात मिळाले. दोन्हीकडे मोजता चार-चार भरले. चार व्होल्ट घट आढळली. मी घेतलेले नाहीत. टेबलाखाली पाहिले, तिथेही नाहीत." खाली लफ्फेदार सही केली.

भालेराव साहेबांनी बाराही जणांचे कागद गोळा करून वाचले. सगळ्यांना बाहेर काढलं, कोंडाजीला मात्र बसायला सांगितलं. मग तेही बाहेर गेले. बाहेर एकच गलका उठला. साहेब आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं, तेव्हा कोंडाजीचे पाय चपलांतच गार पडले.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"साहेब, आईची आन! नाय घेतले मी. वाटल्यास झडती घ्या."

साहेबांनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. साहेब रडताहेत असं वाटून कोंडाजीची उरलीसुरली हिंमतही गेली.

"अहो, तुमचे चार व्होल्ट या मीटरनं खाल्ले," साहेब डोळे पुसत म्हणाले. "जुनं मीटर आहे. मोजताना स्वतःच करंट ओढतं, म्हणून रेझिस्टरवरचे व्होल्ट खाली येतात; बॅटरी दणकट, तिला फरक पडत नाही. इथं त्याच्यावर सहा कधी दिसणारच नाहीत. खरंच मोजतो कोण, ते बघायला मुद्दाम ठेवलं होतं मी. बाकी अकरा जणांनी सहा लिहिलंय. ते सगळे नापास, तुम्ही एकटे पास."

भट्टी टळली! कोंडाजीला साहेबांचे पाय धरावेसे वाटले. कधी एकदा घरी जाऊन यशोदेला सांगतो असं त्याला झालं.

"साहेब, बाकीच्यांना कळलं का हे?"

"आत्ताच सांगून आलो. म्हटलं, जरा कोंडाजींकडून शिका."

कोंडाजीनं खिडकीतून हळूच डोकावलं. फाटकापाशी त्याच्या सायकलीभोवती अकराही जण उभे होते. पुढे निवृत्ती होता आणि तो बाह्या वर सारत होता.

"साहेब," कोंडाजी खिडकीपासून मागे सरकत म्हणाला, "भट्टीखात्यातनं मागल्या दारानं बाहेर जाता येतं ना हो?"