चौदा बाय बाराची खोली

अमरावतीच्या एका सरकारी कार्यालयात धर्मेंद्र साधा लिपिक होता, पण घर बांधायला निघालेला प्रत्येक माणूस आधी त्याच्या टेबलाशी यायचा आणि मग इंजिनिअरकडे जायचा. घराचं डिझाइन करणारं सॉफ्टवेअर तो व्हिडिओ पाहून घरच्या घरी शिकला होता, आणि शिकलेलं पोटात ठेवणं त्याला जमत नसे. कॅमेरा कोपऱ्यात ठेवून लेन्स रुंद करायची, म्हणजे न्हाणीघरही मंगल कार्यालयासारखं दिसतं. फरशीचा नमुना थोडा बारीक करायचा, म्हणजे खोली ऐसपैस वाटते. आणि ऊन तर हवंच. सूर्य काय, माउसने धरून पाहिजे त्या खिडकीत आणून ठेवता येतो. उत्तर-दक्षिण कोण पाहत बसतं!

"समोरच्याचं मन भरलं पायजे," तो म्हणायचा. "बाकीचं गवंडी पाहून घेते."

या हुशारीचा उपयोग त्याने एकदा वडिलांवर केला.

देवराव अकोल्याच्या जुन्या शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून त्यांचा जन्म गेला होता. धर्मेंद्रची आई सुंदराबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि म्हातारा एकट्याने भाकरी थापून खात होता. अमरावतीला चला म्हटलं की "पाहू" म्हणायचे. त्या "पाहू"चा अर्थ धर्मेंद्रला लहानपणापासून ठाऊक होता. शेवटी त्याने घराच्या बाजूला सुटलेल्या पट्टीत त्यांच्यासाठी एक खोली बांधायला घेतली. भिंती छातीएवढ्या झाल्या होत्या तेव्हाच त्याने खोलीचं चित्र तयार करून वडिलांच्या मोबाइलवर पाठवलं. चित्रात चकचकीत फरशी होती, मोठी खिडकी होती, आणि खिडकीतून जमिनीवर पिवळंधमक ऊन सांडलं होतं.

देवरावांनी ते चित्र तीन दिवस पाहिलं. मग फोन करून दोनच प्रश्न विचारले. फरशी किती फुटाची? धर्मेंद्र म्हणाला, दोन बाय दोनची. आणि ऊन खरंच येते का?

"येते ना बाबा. चित्रात दिसूनच राह्यलं."

महिनाभराने देवरावांनी कळवलं की घरमालकाला खोल्या सोडतो म्हणून सांगितलं आहे. धर्मेंद्रने कार्यालयात सगळ्यांना पेढे वाटले. रश्मीने, म्हणजे त्याच्या बायकोने, खोलीचं माप बाबांना सांगितलं का म्हणून विचारलं. तो म्हणाला, चित्र पाठवलं आहे, आता माप कशाला? गुडघ्यांमुळे देवराव मध्ये कधी पाहायला आले नाहीत. आणि एकटा माणूस येऊन येऊन काय घेऊन येणार, एक पिशवी आणि एक छत्री, असा धर्मेंद्रचा हिशेब होता.

रविवारी सकाळी दारात टेम्पो लागला. पिशवी होती, पण ती सगळ्यात वर होती. तिच्याखाली दिवाण, लोखंडी कपाट, दोन ट्रंका, भांड्यांचं पोतं, आणि जुन्या गोधडीत गुंडाळलेली सुंदराबाईची शिलाई मशीन. टेम्पोवाला पुंजाराम म्हणाला की म्हाताऱ्याने प्रत्येक वस्तूची जागा रस्त्यानेच सांगून ठेवली आहे, आपल्याला फक्त उचलून ठेवायचं आहे.

आधी दिवाण आत गेला आणि अर्धी खोली संपली. देवराव दिवाणापाशी उभे राहून आतून सूचना देत होते. मग कपाट आडवं करून दारात घातलं. ते निम्मं आत गेलं, दिवाणाला भिडलं आणि थांबलं. मागे ओढावं तर त्याचा पाय चौकटीत अडकलेला. बाहेर धर्मेंद्र, पुंजाराम आणि रश्मी. आत देवराव एकटे. मध्ये कपाट.

कपाटावरच्या फटीतून देवरावांचा आवाज आला. आवाज शांत होता, फॅक्टरीत बिघाड शोधताना असायचा तसा.

"धर्मेंद्र, फरशी दोन फुटाचीच हाय ना?"

"हो बाबा."

"मग पाचच काहून भरून राहिल्या? चित्रात मी सात मोजल्या. अन् आडव्या सहा."

तेव्हा कुठे धर्मेंद्रच्या लक्षात आलं. फिटर माणसाने चित्र पाहिलं नव्हतं, मोजलं होतं. चौदा बाय बारा धरून सामानाची जागा ठरवली होती, आणि खोली होती दहा बाय आठ.

मग आतून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"समोर तं भिंत हाय," देवराव म्हणाले.

"शेजाऱ्याची हाय. ती उत्तरेची बाजू हाय, बाबा."

"चित्रात ऊन होतं."

"ते टाकता येते, बाबा."

"टाकता येते," देवराव हळूच म्हणाले, नवीन पान्याचं नाव ऐकावं तसं. दिवाण करकरला. ते बसले असावेत. "तुह्या मायनं चाळीस वर्सं भरदुपारी बल्ब लावून शिवलं. खिडकी असलेली खोली पाहू म्हणे. मी पाहू पाहूच म्हणत राह्यलो. आता मशीन तरी उन्हात ठेवू, म्हणून आलो मी. नाई तं मले काय, तिथी बरं होतं."

परत नेऊन सोडतो, असं धर्मेंद्र कसंबसं म्हणाला. देवराव म्हणाले की तिथे नवा भाडेकरू कालच दूध उतू घालायला भांडं घेऊन दारात उभा होता. धर्मेंद्रने कपाटावर कपाळ टेकलं आणि डोळे मिटून घेतले. तो ढकलतो आहे असं वाटून पुंजारामने मागून सगळा जोर लावला, आणि कपाट आणखी चार बोटं आत रुतलं.

शेवटी देवरावांनीच आतून पाना मागितला. फटीतून तो दिल्यावर त्यांनी खाली बसून दिवाणाचे पाय सोडवले, दिवाण भिंतीला उभा केला आणि कपाटाला वळायला जागा करून दिली. रश्मीने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि चहा दिला. त्यांनी चहा हातात घेऊन घरभर एक चक्कर मारली. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीशी थांबले. तिथे धर्मेंद्रचा कॉम्प्युटर होता, आणि स्क्रीनवर चमक येते म्हणून तिथला जाड पडदा वर्षभर सरकलेला नव्हता. देवरावांनी तो बाजूला केला आणि आत आलेल्या उन्हात हात धरून पाहिला.

मग रश्मीकडून टेप आणि पेन्सिल घेतली, आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे घराचा नकाशा मांडून बसले. तासाभराने त्यांनी कागद मुलाकडे दिला. धर्मेंद्रने एखादी तरी चूक सापडेल म्हणून टेप लावून पाहिला. सापडली नाही. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडकीखाली मशीन होती, तिच्या बाजूला दिवाण. बाणाने सूर्यही दाखवला होता, खरा जिथून उगवतो तिथून. आणि आठ महिने खपून बांधलेल्या खोलीच्या चौकोनात फिटरच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: "अडगळ". खाली यादी होती. कपाट, ट्रंका दोन, रिकामं पोतं, कॉम्प्युटर.