अर्धा जीपीएच

लेकीने पाठवलेलं खोकं कंपाउंडरनी जेवणाच्या टेबलावर उघडलं. आतून एक लांब काळी नळी, घड्याळासारखं एक यंत्र आणि चाळीस इवल्याशा तोट्या निघाल्या. कुंड्यांना आपोआप थेंब थेंब पाणी देणारं हे सामान होतं. जावयाने परदेशातून मागवलं होतं. सोबत एक घडीचा कागद होता.

कंपाउंडरनी नोकरी सोडून नऊ वर्षं झाली होती. पण चाळीस वर्षं दवाखान्यात बाटल्या भरलेल्या माणसाला बिल्डिंगमध्ये दुसरं नाव मिळणं शक्य नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि एक तोटी उजेडात धरली. तिच्यावर बारीक अक्षरांत कोरलं होतं, ०.५ जीपीएच.

"अर्धा ग्रॅम पर अवर," ते स्वतःशीच म्हणाले.

जी म्हणजे ग्रॅम. त्यांच्या आयुष्यात जीला दुसरा अर्थ कधी लागलाच नव्हता. कागदाच्या मागच्या बाजूला काय ते सविस्तर छापलेलं होतं, पण कंपाउंडर मागची बाजू वाचत नसत. मागे दुष्परिणाम असतात आणि ते वाचले की माणूस औषध घेत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

गॅलरीतल्या अकरा कुंड्या बायकोच्या होत्या. तिला जाऊन सात महिने झाले होते. तेराव्याला मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, गॅलरीत उभी राहून सगळ्यांसमोर म्हणाली होती, "भावोजी, ह्या कुंड्या मी खाली घेऊन जाते. तुमच्याच्यानं व्हायचं नाही." ती बरोबर खालच्या मजल्यावर राहायची. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली बाई, आवाज मैदानावरचा. कंपाउंडर त्या दिवशी कोणाशीच बोलले नव्हते, पण एवढं ऐकून उठून उभे राहिले. "मी सांभाळीन," ते म्हणाले. मेहुणीने तिथल्या तिथे पैज लावली. "एक जरी झाड वाळलं, तर अकराच्या अकरा माझ्या गॅलरीत!"

तेव्हापासून सात महिन्यांत एकही पान वाळलं नव्हतं. प्रत्येक कुंडीला नंबर होता आणि भिंतीवर तक्ता होता. गुलाब, सकाळी पन्नास मिलिलीटर, संध्याकाळी पन्नास. जास्वंद, तेवढंच. कोरफड, गरज पडल्यास. पाणी औषधाच्या मापाने जायचं, सांडायचं नाही. आणि झाडं अशी फोफावली होती की कंपाउंडर ती आल्यागेल्याला रोगी बरा झाल्यासारखी दाखवायचे.

आता लेकीने हट्ट धरला होता की बाबांनी पाच दिवस तिच्याकडे यायचंच. मेहुणी दारात येऊन उभी राहिली.

"किल्ली देऊन जा भावोजी, मी घालते पाणी."

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? मी सोय केली आहे."

मेहुणीने टेबलावर पाहिलं. "हे काय, सलाईन लावताय झाडांना?"

"तसंच समज. पण कंपनी मूर्ख आहे." कंपाउंडरनी कागद नाकाजवळ धरला. "म्हणते, यंत्र लावा आणि दिवसातून पंधरा मिनिटं पाणी सोडा. अर्धा ग्रॅम तासाला, म्हणजे पंधरा मिनिटांत किती? अडीच थेंब! अडीच थेंबांनी आलेले डोळे बरे होत नाहीत, जास्वंद जगेल?"

"मग?"

"यंत्र काढून टाकलं. पाणी चोवीस तास चालू. आणि कुंडीला एक नाही, तीन तोट्या. जास्वंदीला दहा."

"चाळीस तोट्या, चोवीस तास?" मेहुणी म्हणाली. "जरा जास्त नाही होत?"

"चाळीस तोट्यांचे मिळून तासाला वीस मिलिलीटर. दोन मोठे चमचेसुद्धा नाहीत. तू तुझी शिट्टी वाजव, हिशेब माझ्यावर सोड."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता खाली रिक्षा हॉर्न वाजवत असताना त्यांनी गॅलरीतला नळ पूर्ण उघडला. नळीत आधी हवाच फुसफुसली. पहिल्या तोटीच्या टोकाला एक थेंब जमला, मोठा झाला, लोंबला. तो पडलेला पाहून कंपाउंडर समाधानाने निघाले. त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली आतल्या खिशात टाकली.

लेकीकडे बाराला पोचले, जेवले. एक वाजता तिने चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"भावोजी, तुमच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत पाणी येतंय."

"येऊ दे. दोन थेंब सांडले असतील."

"दोन थेंब? इथे धार लागलीय धार! माझ्या वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुऊन निघाल्या!"

"दुसऱ्या कोणाचं असेल."

"त्यात तुमच्या कुंडीवरचा नंबर वाहत आलाय. सात."

सात म्हणजे गुलाब. कंपाउंडर खुर्चीत ताठ झाले, पण माणूस हिशेबाचा पक्का. "हे बघ, घाबरू नकोस. दहा लिटरची बादली आहे ना तुझ्याकडे? ती धारेखाली धर आणि वेळ लाव. वेळ तुझ्याइतकी कोणाला लावता येणार?"

मेहुणीकडे शाळेतलं स्टॉपवॉच अजून होतं. फोनवर बादलीचा आवाज सुरू झाला. आधी ठणठण, मग भदभद, मग गुळगुळ. कंपाउंडरनी तेवढ्यात लेकीच्या फ्रिजवरचा कागद काढून त्याच्या पाठीवर आकडे मांडले.

"भरली," मेहुणी ओरडली.

"शक्यच नाही. वीस मिलिलीटर तासाला धरलं, तर दहा लिटरला पाचशे तास लागतात. ही बादली भरायला वीस दिवस हवेत, वर वीस तास."

"मग वीस दिवस आणि वीस तास आत्ता सहा मिनिटं छत्तीस सेकंदांत झाले! भावोजी, मी मुलं पळवली आहेत तीस वर्षं, माझं घड्याळ चुकत नाही. दुसरी बादली लावलीय."

घड्याळ चुकत नव्हतं, हिशेब तर चुकूच शकत नव्हता, आणि पाणी पडत होतं.

लेक चहा विसरून त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "बाबा, हे काय लिहिलंय? ग्रॅम? जीपीएच म्हणजे गॅलन पर अवर."

"काय?"

"गॅलन. तासाला गॅलन. अर्धा ग्रॅम नाही, अर्धा गॅलन."

कंपाउंडरनी पेन खाली ठेवलं. मग उचललं, मग पुन्हा ठेवलं. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला एक थेंब जास्त दिला नव्हता. एकदा डॉक्टरांनी चुकून दहाच्या जागी शंभर लिहिलं होतं, तेही त्यांनीच पकडलं होतं. आणि आता घरच्या गुलाबाला दोन हजार मिलिलीटरच्या जागी अर्धा मिलिलीटर समजून...

"कुठला गॅलन?" ते एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"गॅलन दोन असतात. एक साडेचार लिटरचा, एक पावणेचार लिटरचा. कुठला?"

फोनमधून मेहुणी कडाडली. "थांबा, माझ्या डोक्यावर पडतोय त्यालाच विचारते, बाबा रे, तू कुठला!"

"चेष्टा नको. दुसरी बादली किती वेळात भरते ते सांग. साडेसहा मिनिटं की आठ? साडेसहा असेल तर मोठा गॅलन, आठ असेल तर छोटा."

"आणि कळून काय करणार आहात?"

माहीत नसलेला आकडा कंपाउंडरना दातात अडकलेल्या कणासारखा सलत होता. बापलेक फोनकडे पाहत बसले. पलीकडे बादली भरत होती.

"सहा मिनिटं पस्तीस!"

"मोठा!" कंपाउंडर ओरडले.

"बाबा, आनंद कसला होतोय तुम्हाला?" लेक म्हणाली. "मोठा म्हणजे जास्त पाणी."

कंपाउंडरच्या चेहऱ्यावरचा रंग आला तसा गेला. चाळीस तोट्या, तासाला नव्वद लिटर. आठ ते एक, पाच तास. साडेचारशे लिटर. एवढं खोकल्याचं औषध त्यांनी वर्षभरातही भरलं नसेल. आणि नळ अजून चालूच होता, किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि ते चार तास लांब बसले होते.

"झाडं?" त्यांनी विचारलं. "झाडं दिसतात का तुला खालून?"

"खालून काय दिसणार? माती मात्र येतेय. कुंड्यांतलीच असणार."

"तिने ती माती चाळून घातली होती," कंपाउंडर म्हणाले. लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"मावशी, कुलूप फोडता येईल का?" लेकीने फोनमध्ये विचारलं. "कुणाला तरी बोलाव. नाहीतर गच्चीवरचा मोठा व्हॉल्व बंद करून..."

"जिन्यात आहे मी," मेहुणी म्हणाली. "दम लागलाय. बोलू नका जरा."

मग फोनमधून पावलं ऐकू आली. मग एक आवाज आला, जो कंपाउंडरनी पस्तीस वर्षं रोज ऐकला होता. कुलूप उघडल्याची खटक, आणि मागोमाग त्यांच्या स्वतःच्या दाराची लांबलचक करकर. ह्या दाराला तेल घाला म्हणून बायको थकली होती. मग चपक, चपक, चपक, अशी पाण्यातून चालल्याची पावलं. शेवटी नळ फिरवल्याची चिरचिर.

"केला बंद," मेहुणी म्हणाली. "कोरफड कुंडीतून बाहेर येऊन तरंगतेय. बाकी दहा जागच्या जागी आहेत. गुलाबाची मुळं उघडी पडलीत, पण माती घातली की धरेल. वाळलं मात्र काहीही नाही हो."

कंपाउंडरनी आतल्या खिशातली किल्ली चाचपली. मग त्यांनी विचारलं, "तू आत कशी गेलीस?"

पलीकडे फक्त टपटप ऐकू येत होतं.

"किल्लीने," मेहुणी म्हणाली.

"किल्ली माझ्या खिशात आहे."

"ही ताईची आहे."

"तुझ्याकडे कशी?"

"तिनेच दिली. दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात." मेहुणीचा मैदानावरचा आवाज आज पहिल्यांदाच खोलीपुरता झाला. "म्हणाली, हे झाडांना औषधासारखं पाणी घालणार. चमच्याने. पाच ते सहा ते फिरायला जातात, तेवढ्यात तू वर जाऊन घालत जा. आणि त्यांना कळू देऊ नकोस."

कंपाउंडरनी लेकीकडे पाहिलं. लेक खिडकीबाहेर पाहत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं.

"म्हणजे सात महिने..." ते म्हणाले. "माझे पन्नास सकाळचे, पन्नास संध्याकाळचे..."

"पन्नास मिलिलीटरने वरची धूळ बसते, भावोजी."

"आणि तक्ता?"

"तक्ता छान आहे. मी रोज वाचते."

रोगी बरे झाले होते, पण औषध दुसऱ्याचंच होतं. कंपाउंडरना एकदम आठवलं की आल्यागेल्याला झाडं दाखवताना ही बाई मागे उभी राहून मान डोलवायची.

"मग पैज कशाला लावलीस? जिंकायचीच नव्हती तर?"

"त्या दिवशी तुम्ही जेवला होता का?" मेहुणी म्हणाली. "आदल्या दिवशी? बारा दिवस खुर्चीतून हलला नव्हता. कुंड्या नेते म्हटल्यावर पहिल्यांदा उठून उभे राहिलात. मग म्हटलं, लावू पैज. रागाने का होईना, माणूस उठतोय."

लेकीने चहाचं आधण बंद केलं. ते आटून गेलं होतं. कंपाउंडरनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"रोज किती घालतेस?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पाणी."

"मोजलं नाही कधी. ताई घालायची तसं. खालच्या भोकातून येईपर्यंत."

कंपाउंडरनी हा आकडा लिहायला कागद पुढे ओढला. पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले. पस्तीस वर्षं तीच झाडं त्याच गॅलरीत होती, आणि ती किती पाणी घालते हे त्यांनी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"ऐक," शेवटी ते म्हणाले. "मी पाच दिवस इकडेच आहे. आलो की रोज पाच ते सहा फिरायला जाणार. मागे घरात कोण येतं, कोण जातं, मला काही माहीत नाही. माझ्याकडे एकच किल्ली आहे."

"आणि पैज?"

"पैज चालू आहे. एकही वाळलेलं नाही."

"बरं," मेहुणी म्हणाली. मागे तिने फरशीवर खराटा घासायला सुरुवात केलेली ऐकू येत होती. "मग आता जरा साडेसहापर्यंत फिरत जा, भावोजी. ह्या वयात मला एका तासात आवरत नाही."